ग्रहणातील खिडकी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येला हुगळीच्या काठी गार्डन रीच नावाची वस्ती आहे. दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय तेथे आहे आणि त्या मुख्यालयाच्या लेखा विभागात मी काम करतो. २०१७ साली बदली होऊन येथे आलो तेव्हा आप्तेष्ट म्हणाले, आता तू फार दूर चाललास. मला मात्र तसे वाटले नाही. मी गोंदियाचा. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने आमचे गाव या शहराशी जोडले आणि त्या रेल्वेचा कारभार पुढे याच नदीकाठच्या आवारातून चालत असे. ‘बीएनआर’ ही अक्षरे मी मुळाक्षरांच्याही आधी ऐकली असतील. आता गोंदिया-नागपूरचा मार्ग बिलासपूरच्या अखत्यारीत गेला आहे. परंतु सुमारे एक हजार किलोमीटरचा तो लोहमार्ग माझ्या घराला माझ्या कचेरीशी अजूनही बांधून आहे.

ही वस्ती मोठी विलक्षण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस संस्कृतचा छंद घेतलेले न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांचा बंगला याच काठावर होता. १८५६ साली अवधचे राज्य गमावलेला नवाब वाजिद अली शाह येथल्याच मटियाबुर्ज भागात येऊन राहिला आणि १८८७ साली येथेच निवर्तला. त्याच्या मागे इमामबाडा राहिला आणि उर्दू बोलणारा मोठा समाज राहिला. नदीपलीकडे शिवपूरचे वनस्पती उद्यान आहे. सकाळी कचेरीत येताना एका बाजूने अजान ऐकू येते, दुसऱ्या बाजूने कालीच्या देवळातील घंटा, आणि मध्येच एखाद्या जहाजाचा भोंगा. माझ्या विभागात बंगाली आहेत, ओडिया आहेत, तेलुगू आहेत, बिहारी आहेत. इतक्या निरनिराळ्या श्रद्धा शेजारी शेजारी नांदताना पाहिल्या की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. प्रत्येकाला वाटते की आपली श्रद्धा आपण विचार करून स्वीकारली आहे. वास्तविक ती त्याला पाळण्यातच मिळालेली असते, जशी मला माझी मिळाली होती.

या पाळण्यातल्या श्रद्धांविषयी आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे. त्याला निमित्त झाला एक साधा रजेचा अर्ज.

२०१९ सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. २६ तारखेला सूर्यग्रहण होते. दक्षिण भारतात ते कंकणाकृती दिसणार होते, कोलकात्यात खंडग्रास. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या विभागातील मेदिनीपूरकडचा एक तरुण कारकून त्या दिवसाची नैमित्तिक रजा मागण्यासाठी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. कारण विचारले तेव्हा तो संकोचून म्हणाला, “साहेब, पत्नीला सातवा महिना आहे. ग्रहण सुटेपर्यंत तिने झोपू नये, काही कापू नये, पाणीही पिऊ नये, असे आई म्हणते. कोणीतरी लक्ष ठेवायला हवे.”

मी अर्जावर सही केली आणि तो परत दिला. एक शब्दही बोललो नाही. तो दारापर्यंत गेला, आणि माझ्या मनात चोवीस वर्षांपूर्वीची एक खिडकी उघडली.

१९९५ साली मी तेरा वर्षांचा होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आमचे घर कवेलूंचे, एकत्र कुटुंबाचे. आणि त्या घराचा खरा कारभार आजीच्या हाती होता. तिची सारी वर्षे पंचांगाच्या पानांतून गेलेली. एकादशी, चतुर्थी, अमावास्या, वेध आणि मोक्ष यांच्या आधाराने ती आमचे दिवस लावीत असे. मी तिचा लाडका. देवापुढे दिवा लावला नाही तर रात्री घरात काहीतरी येते, हे तिने मला कधी धाक म्हणून सांगितले नाही. पावसाळ्यात छत्री न्यावी, हे जसे सांगावे तसे सांगितले. त्यामुळेच ते मनात खोल गेले.

त्या वर्षी दोन घटना एका महिन्याच्या अंतराने घडल्या. २१ सप्टेंबरला गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची वार्ता देशभर पसरली. मीही रांगेत उभा राहिलो आणि चमच्यातील दूध सोंडेपाशी हळूहळू नाहीसे होताना या डोळ्यांनी पाहिले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून त्याचे इंगित उघड केले. दूध पृष्ठताणामुळे चमच्याच्या कडेवरून मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींनी तर टेबलावरच्या पितळी घंटेलाच दूध पाजून दाखवले. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. पण घरी गेल्यावर देवापुढे जाऊन, हसल्याबद्दल मी मनोमन क्षमा मागितली. बुद्धीला एक गोष्ट पटली होती आणि पोटात दुसरीच होती. माणसाच्या ठिकाणी ही दोन्ही बिऱ्हाडे वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलता राहू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

दुसरी घटना २४ ऑक्टोबरची. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होते. राजस्थानातील नीम का थाना येथून बंगालमधील डायमंड हार्बरपर्यंतच्या एका अरुंद पट्ट्यात ते खग्रास दिसले. आमच्याकडे सूर्याचा बराच मोठा भाग झाकला जाणार होता. माझ्या काकूला तेव्हा सातवा महिना नुकताच लागला होता. आजीने तिला माजघरात बसवले, खिडक्या लावून घेतल्या, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीची पाने टाकली, विळी आणि अडकित्ता उचलून फळीवर ठेवला, आणि ती स्वतः दारापाशी जपमाळ घेऊन बसली. काकूला झोप लागू नये म्हणून मला आत पाठवण्यात आले.

त्या अंधाऱ्या खोलीत जे झाले ते मी कधी विसरणार नाही. कवेलूंच्या फटींतून उन्हाचे कवडसे नेहमीच जमिनीवर पडत, वाटोळे, रुपयाएवढे. त्या सकाळी त्या कवडशांची एक कड कमी होऊ लागली. पाहता पाहता सारवलेल्या जमिनीवर, भिंतीवर, काकूच्या लुगड्यावर चंद्रकोरीच कोरी उमटल्या. लहान छिद्रातून सूर्याची प्रतिमा पडते, हे गुरुजींनी आम्हाला पुठ्ठ्याला भोक पाडून दाखवले होते. ग्रहण बाहेर राहावे म्हणून दारे-खिडक्या बंद केल्या होत्या आणि ते छपरातून आत येऊन काकूच्या मांडीवर बसले होते. मला आनंद आवरेना. आणखी चांगले दिसावे म्हणून मी खिडकीचे एक दार वीतभर उघडले. उन्हाचा पट्टा काकूच्या अंगावर पडला. ती क्षणभर दचकली, मग हसली आणि मला म्हणाली, “लाव रे बाबू, आजी पाहतील.” मी खिडकी लावली. मोजून अर्ध्या मिनिटाची गोष्ट.

जानेवारीच्या मध्यावर काकूला मुलगा झाला. त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता.

आजीने बाळाला पाहिले आणि ती मटकन खाली बसली. मग तिने एकच प्रश्न विचारला : “सूनबाई, ग्रहणात काय केलेस?” मी दाराशी उभा होतो. माझ्या तोंडाला कोरड पडली. काकूने माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, “जीव गुदमरला म्हणून मी खिडकी उघडली होती.”

पुढे नागपूरच्या एका रुग्णालयात त्या बाळाच्या ओठावर शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. आज ओठावर जेमतेम एक रेघ दिसते. आजीने त्याला आम्हा सर्वांहून अधिक माया दिली. पण घरात कोणी पाहुणे आले आणि बाळाचा विषय निघाला की ती हळूच म्हणे, “ग्रहण पाळले गेले नाही.” काकू मान खाली घालून चहाचे कप उचलीत असे. आणि मी ? मी पुस्तक उघडून बसत असे. हे सारे आपल्यामुळे झाले, या गोष्टीविषयी माझ्या मनात तिळभरही शंका नव्हती. पितळी घंटेला दूध पाजलेले पाहूनही नव्हती.

यानंतर काही वर्षांनी इतिहासात एम. ए. करण्यासाठी मी नागपूरला होतो. वसतिगृहात माझ्या खोलीत वैद्यकाचा एक विद्यार्थी राहत असे. एका रात्री त्याचे गर्भविज्ञानाचे पुस्तक मी सहज चाळले. त्यात लिहिले होते की गर्भाचा वरचा ओठ साधारणपणे चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून तयार होतो. तेव्हा तो जुळला नाही तर दुभंगलेला राहतो. त्याची कारणे गर्भाच्या घडणीतच, काही अंशी आनुवंशिक, काही अंशी आईच्या आहारातील उणिवांसारखी असतात. मी बोटांवर महिने मोजले. जानेवारीच्या मध्यावर पूर्ण दिवसांचे जन्मलेले मूल. त्याचा ओठ जुळायचा किंवा न जुळायचा तो मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास. ग्रहण आले दिवाळीत. म्हणजे मी खिडकी उघडली त्याच्या चार महिने आधीच त्या ओठाचे भवितव्य ठरून गेले होते.

पुन्हा एकदा मोजले. उत्तर तेच आले.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुःखाने नव्हे, हलकेपणाने. नऊ वर्षांचे ओझे एका बेरीज-वजाबाकीने उतरले होते. आणि मग एकेक धागा सुटत गेला. आजीचे पंचांग आठवले. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष त्यात घटका-पळांसह छापलेला असे. तो मिनिटाचीही चूक न करता बरोबर येई, कारण तो छायांच्या गणितावर आधारलेला होता. हे गणितही परके नव्हे. इसवी सन ४९९ मध्ये लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त आर्यभटाने स्पष्ट म्हटले आहे की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची छाया चंद्राला. राहूचे तेथे काही काम नाही. म्हणजे आजीच्या हातातील त्याच पानावर वर गणित होते आणि खाली भय होते. आम्ही वरचे वाचून वेळ ठरवली आणि खालचे वाचून दारे लावली.

आता मी मोकळा झालो, असे मला वाटले. देवपूजा सुटली, उपास सुटले, मित्रमंडळींत वाद घालू लागलो. पुढे स्पर्धा परीक्षा दिली, रेल्वेच्या लेखा सेवेत आलो. घरी गेलो की मात्र आजीच्या पाया पडत असे आणि काही बोलत नसे. वडील माणसांना दुखवू नये, असे मी स्वतःला सांगत असे. त्याला मी आदर म्हणत होतो. तो आदर नव्हता, हे मला येथे कोलकात्यात आल्यावर उमगले, आणि ते ज्या व्यक्तीमुळे उमगले ती दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात आली होती.

अलीपूरचे राष्ट्रीय ग्रंथालय माझ्या कचेरीपासून फारसे दूर नाही. तेथे सुट्टीच्या दिवशी मी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचू लागलो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव अर्थातच ठाऊक होते. पण त्यांच्या आयुष्यातील कलकत्त्याचे प्रकरण मी कधी नीट वाचले नव्हते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान. त्यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या मातेने मुलीला. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत पुराणे सांगे. मिळालेले धन दानधर्मात जाई. व्रते केली, अनुष्ठाने केली, देवांना आळवले. आणि १८७४ साली दुष्काळाच्या तडाख्यात वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. उपासमारीने. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास मागे राहिले. ज्यांनी कोणताही नेम चुकवला नव्हता ते अन्नाविना मेले, हा प्रश्न त्या मुलीच्या मनात कोणत्याही ग्रंथातून आलेला नव्हता. तो भुकेतून आला होता.

ही भावंडे हजारो मैल चालली. हिमालयातील एका तीर्थावर पाण्यात तरंगणारे डोंगर आहेत, पुण्यवंताकडे ते आपण होऊन चालत येतात, असे त्यांनी ऐकले होते. पुजारी यात्रेकरूंना पाण्यात उतरू देत नसत, मगरींची भीती घालत. श्रीनिवास एके दिवशी पहाटे पाण्यात उतरला आणि त्याने पाहिले की ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेले दगडमातीचे ढीग आहेत. हे वाचताना मला माझी खिडकी आठवली. मी केवळ खिडकी उघडली होती. त्याने पाण्यात उडी घेतली होती.

१८७८ साली ही दोघे कलकत्त्यात पोचली. वीस वर्षांच्या त्या मराठी मुलीचे संस्कृत ऐकून येथील विद्वान थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. खरी कलाटणी मात्र सभेत मिळाली नाही. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी वेदाचा ग्रंथ तिच्या हाती ठेवला. तिने म्हटले, स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ती विदुषी, पण हा निषेध तिने तोवर तपासून पाहिला नव्हता. मग ती वाचू लागली. पडदानशीन स्त्रियांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यायची म्हणून तिने धर्मशास्त्राचे ग्रंथ पाहिले. तेव्हा तिच्या ध्यानात आले की हे ग्रंथ इतर बाबतींत परस्परांशी वाद घालतात. मात्र स्त्री आणि शूद्र यांना हीन ठरवण्यात त्यांचे एकमत आहे. तिची श्रद्धा गेली ती कोणी टिंगल केल्याने गेली नाही. ती मूळ पाने वाचल्याने गेली.

१८८० साली तिने एका बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षांत वैधव्य आले. कडेवर मुलगी घेऊन ती पुण्याला आली आणि तिने आर्य महिला समाज काढला. १८८३ साली इंग्लंडमध्ये तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. त्या निर्णयाविषयी आजही मतभेद असू शकतील. मला मोलाचे वाटते ते निराळेच. ज्या ख्रिस्ती भगिनींनी तिला आसरा दिला होता त्यांच्याशीही तिने वाद घातला. चर्च सांगते म्हणून एखादे मत मान्य करण्यास तिने नकार दिला. गळ्यातील क्रूसावर लॅटिन शब्दच का असावेत, संस्कृत का नसावेत, असेही तिने विचारले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले ते दुसरे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा तिचा एकंदर पवित्रा होता. म्हणजे श्रद्धा बदलल्यावरही तिने विचारणे थांबवले नाही.

आमच्या लेखा खात्यात एक शिस्त असते. हिशेब तपासणारा माणूस समोरच्याला चोर समजत नाही. तो एवढेच म्हणतो की व्हाउचर दाखवा. रक्कम मित्राने लिहिलेली असो, साहेबाने लिहिलेली असो, किंवा आपण स्वतः लिहिलेली असो, व्हाउचर पाहिल्यावाचून सही करायची नाही. रमाबाईंनी हे वडिलांच्या धर्माला लावले, आणि नव्या धर्मालाही लावले. मी मात्र एकदाच व्हाउचर पाहिले होते, तेही स्वतःच्या सुटकेपुरते, आणि वही मिटून टाकली होती.

कलकत्त्याने घडवलेला आणखी एक मराठी माणूस येथे आठवतो. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ठाव घेतला. घर सोडून ते काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे हिंडले आणि १९०६ च्या सुमारास कलकत्त्यात पाली भाषा शिकवू लागले. रमाबाई आणि कोसंबी निरनिराळ्या ठिकाणी पोचले. पण दोघांनीही जे कळले ते लिहिले, शिकवले, इतरांना वाटून दिले. कळलेले मनात दडवून ठेवून सुखाने बसावे, असे दोघांनाही वाटले नाही. मला मात्र तसे वाटले होते.

२०१८ च्या दिवाळीला मी गोंदियाला गेलो. आजी २०११ सालीच गेली होती. फराळाची भांडी आवरून काकू ओसरीवर बसली होती. मी तिला म्हटले, “काकू, त्या दिवशी खिडकी मी उघडली होती.” ती हसली. “ते काय मला ठाऊक नाही?” मग मी तिला आठवड्यांचा सारा हिशेब सांगितला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, “नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला तेव्हाच सांगितले होते. ओठ दुसऱ्या महिन्यातच होतो म्हणून.”

मी अवाक झालो. मला जे नऊ वर्षांनी आणि एका जाड पुस्तकाने कळले ते माझ्या काकूला, जी दहावीच्या पुढे शिकली नव्हती, बाळ मांडीवर घेऊन त्याच वेळी कळले होते. मी विचारले, “मग तू आजीला का नाही सांगितलेस?”

“सुनेचे कोण ऐकते रे ?” ती म्हणाली. “आणि ऐकले नसते तर त्यांनी पुन्हा विचारले असते, मग खिडकी कोणी उघडली. तू तेरा वर्षांचा होतास.”

थोडा वेळ थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती. आजीचे पहिले मूल जन्मल्यावर काही दिवसांतच गेले होते. त्या गरोदरपणात चंद्रग्रहणाच्या रात्री आजीचा डोळा लागला होता, आणि तिच्या सासूने त्याच गोष्टीवर बोट ठेवले होते. सतरा-अठरा वर्षांची पोर. तेव्हापासून तिने एकही ग्रहण चुकवले नाही. “त्या दारापाशी माळ घेऊन बसल्या होत्या ना,” काकू म्हणाली, “ते माझ्यावर पहारा ठेवायला नव्हे. आपल्यावर आले ते माझ्यावर येऊ नये म्हणून.”

श्रोतेहो, त्या संध्याकाळी मला माझ्या मौनाचा खरा अर्थ कळला. मला वाटत होते की आजीची श्रद्धा मोडून तिला दुखवू नये. पण ती श्रद्धा तिचा आधार तर होतीच, तिची शिक्षाही होती. आपल्या झोपेने आपले मूल मारले, असे मानून ती बाई सारा जन्म जगली. तिला दुसरा हिशेब कोणी दाखवला नाही. माझ्याकडे तो सात वर्षे होता. नातवाचे ती ऐकत असे. मी म्हटले असते, “आजी, ग्रहणाने काही झाले नाही, ना काकूच्या बाळाला, ना तुझ्या बाळाला,” तर कदाचित तिने मला झिडकारले असते. कदाचित रात्री एकटीच त्यावर विचार करीत पडली असती. आता ते कधीच कळणार नाही. मी मोकळा होऊन बसलो आणि जिला मोकळे होण्याची माझ्यापेक्षा अधिक गरज होती तिच्या पाया पडून परत येत राहिलो.

म्हणून त्या रजेच्या अर्जावर सही करताना माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही, सवयीने सही झाली. पण तो तरुण दाराबाहेर जाण्याआधी मी त्याला परत बोलावले. खुर्चीवर बसायला सांगितले. रजा मंजूर आहे, ती मी मागे घेणार नाही, हे आधी सांगितले. मग माझ्या घरची ही हकिकत सांगितली. साहेब म्हणून हुकूम केला नाही, त्याच्या आईविषयी एकही उणा शब्द काढला नाही. एवढेच म्हटले, “सातव्या महिन्यातील बाईला तासन्‌तास तहानलेले ठेवणे बरे नव्हे. आईंना समजावून पाहा. त्यांच्या मनात काय भीती आहे, तेही विचारून पाहा.”

२६ तारखेला सकाळी साडेआठच्या सुमारास ग्रहण लागले. कचेरीच्या आवारात झाडांखाली पानांच्या फटींतून हजारो कोरी जमिनीवर उमटल्या होत्या. आमच्यातले काही जण त्या पाहायला खाली उतरले, काही जण उतरले नाहीत. मी कोणाला आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो तरुण कामावर आला. मी काही विचारले नाही. दुपारी फाइल घेऊन आला तेव्हा आपण होऊनच म्हणाला, “आईने खिडकी उघडू दिली नाही, साहेब. पण पाणी तिने स्वतः आणून दिले.”

मला ते पुरेसे वाटले. मतस्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या घोषणा आणि मोडलेल्या मूर्ती येतात. परंतु बहुतेक घरांत त्याची सुरुवात याहून लहान असते. एक प्रश्न आदराने विचारावा, उत्तराची वाट पाहावी, आणि आपल्याला कळलेला हिशेब ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापासून लपवू नये. आजीच्या बाबतीत ते माझ्या हातून राहून गेले. ज्यांच्या घरी अजून कोणी आजी दारापाशी माळ घेऊन बसली आहे, त्यांच्या हातून ते राहू नये, एवढ्यासाठीच ही हकिकत आज आपल्यापुढे सांगितली.